संकटकाळची हाक

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी, कीर्तनापूर्वी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. दहावी पास झालेला, तालुक्याच्या कचेरीत टेबलामागे बसणारा माणूस. शासनाने आता आमच्या पदाला ‘महसूल सहायक’ असे भारदस्त नाव दिले आहे, परंतु गावाच्या तोंडी मी कारकूनच आहे आणि ते मला आवडते. समितीने मला आज्ञा केली की कीर्तनाच्या आधी वीस मिनिटे बोला, आणि विषयही त्यांनीच दिला. गेली दोन वर्षे बांधकाम चालू असताना पारावर जो वाद रोज रंगत होता, तोच हा विषय. प्राण कंठाशी आले की नास्तिकसुद्धा देवाचे नाव घेतो, हे खरे की खोटे?

पारावर बहुमत ‘खरे’ या बाजूला होते. कोणी म्हणे, दवाखान्यात आयसीयूच्या दारात एकदा उभे राहा, मग कळेल. कोणी म्हणे, एसटी घाटात घसरली की सगळी गाडी एका सुरात देव देव करते. हे ऐकायला गोड लागते, विशेषतः देऊळ बांधणाऱ्यांच्या कानांना. परंतु कचेरीत मला एक सवय लागली आहे. अर्ज कितीही कळकळीचा असला तरी सोबतची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. तेव्हा या म्हणण्याची कागदपत्रे आज आपण मिळून पाहू. कराडला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने इंग्रजी पुस्तकांतला मजकूर मला मराठीत सांगितला, त्याचे ऋण आधीच मान्य करतो.

हे म्हणणे आपल्या पारावर जन्मलेले नाही. इंग्रजीत त्याची म्हणच झाली आहे. लढाईत तोफगोळ्यांपासून वाचण्यासाठी शिपाई जो खड्डा खणून बसतो, त्या खड्ड्यात नास्तिक सापडत नाही, अशा अर्थाची. ती मूळ कोणाची यावर एकमत नाही, पण १९४२ साली फिलिपाईन्समधील बाटानच्या लढाईच्या वेळी ती गाजली. तेथे अमेरिकन व फिलिपिनो फौजा जपान्यांच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या लष्कराने आपल्या शिपायांना प्रश्न विचारून गोळा केलेल्या माहितीचे मोठे ग्रंथ १९४९ साली निघाले. त्यात असे दिसले की लढाईच्या ऐन भरात धीर कशाने आला, या प्रश्नाला फार मोठ्या संख्येने शिपायांनी ‘प्रार्थनेने’ असे उत्तर दिले, आणि ज्यांनी भय अधिक अनुभवले त्यांनी ते अधिक दिले. म्हणजे म्हणीत तथ्य आहे. पण ते शिपाई बहुतेक लहानपणापासून चर्चमध्ये जाणाऱ्या घरांतले होते. देव मानणारा संकटात देवाला हाक मारतो, एवढेच यावरून ठरते. न मानणाऱ्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आपल्या धर्माने या बाबतीत काय म्हटले आहे? गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. यात पहिला मान आर्ताला आहे, म्हणजे जो पीडेत सापडून हाक मारतो त्याला. आपण मात्र एखाद्याला हिणवताना म्हणतो, ‘गरज पडली तेव्हा देव आठवला.’ भगवंतांनी तसे हिणवलेले नाही. त्यांनी त्याला भक्तांच्या यादीत घेतले, ज्ञानी मला सर्वांत प्रिय असे सांगितले, पण आर्ताचे नाव खोडले नाही. आमच्या कचेरीतल्या यादीपेक्षा ती यादी पुष्कळच उदार आहे!

आता गजेंद्राची गोष्ट घ्या. तळ्यात मगरीने पाय धरला, शक्ती संपली, तेव्हा त्याने सोंडेत कमळ धरून नारायणाला हाक मारली. कीर्तनकार बुवा ती आपल्याला नेहमी सांगतात. परंतु भागवतातला एक तपशील आपण ऐकून सोडून देतो. गजेंद्र हा पूर्वजन्मी इंद्रद्युम्न नावाचा राजा होता आणि विष्णूचा भक्त होता. संकटात त्याच्या तोंडी आलेले स्तोत्र त्याने मागच्या जन्मी शिकलेले होते. म्हणजे मगरीने त्याला काही नवे शिकवले नाही, आत होते तेच वर आले. मला वाटते आपल्या सगळ्या वादाची किल्ली येथे आहे. विहिरीत जे असेल तेच पोहऱ्यात येणार.

मग ज्यांच्या आत खरोखरच नकार भरलेला आहे, त्यांच्या तोंडून काय येते? तीन माणसांची हकीकत सांगतो. तिघांची परिस्थिती अशी होती की आपल्यापैकी बहुतेकांनी हात जोडले असते.

पहिले आपले हुतात्मा भगतसिंग. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, पण ते नास्तिक होते हे गावात फारसे कोणी बोलत नाही. १९२७ साली लाहोरला त्यांना पकडले तेव्हा पोलीस अधिकारीच त्यांच्यामागे लागले की, बाबा रे, रोज देवाची प्रार्थना करत जा. त्या वेळी त्यांनी स्वतःलाच प्रश्न केला की आपला नास्तिकपणा फक्त सुखाच्या दिवसांत मिरवण्यापुरता आहे, की असल्या कठीण वेळीही टिकणारा आहे? पुष्कळ विचार करून त्यांनी ठरवले की प्रार्थना करायची नाही, आणि केली नाही. पुढे १९३० च्या ऑक्टोबरात, फाशीची शिक्षा अगदी समोर दिसत असताना, त्यांनी तुरुंगात एक निबंध लिहिला, ‘मी नास्तिक का आहे’. तो त्यांच्या मरणानंतर, सप्टेंबर १९३१ मध्ये, लाहोरच्या ‘द पीपल’ या पत्रात प्रसिद्ध झाला. त्यात ते प्रांजळपणे मान्य करतात की देवावर विश्वास असला तर दुःख हलके होते, माणसाला मोठा आधार मिळतो, आणि तो आधार सोडून स्वतःच्या पायांवर उभे राहणे सोपे नाही. कोणी त्यांना म्हणाले होते की शेवटचे दिवस आले म्हणजे तूही मानू लागशील. त्यांनी उत्तर दिले की तसे करणे मला कमीपणाचे वाटेल. २३ मार्च १९३१ रोजी त्यांना फाशी झाली. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. आपल्या गावात तेवीस वर्षांची मुले समोर बसली आहेत, त्यांनी हे वय लक्षात घ्यावे.

दुसरे प्रिमो लेव्ही, इटलीतील तुरीन शहरचे रसायनशास्त्रज्ञ. जातीने ज्यू, विचाराने देव न मानणारे. १९४४ साली जर्मनांनी त्यांना आऊशवित्झच्या छावणीत नेले. तेथे मधून मधून कैद्यांची निवड होत असे. सशक्त तो कामाला, अशक्त तो विषारी वायूच्या कोठडीत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लेव्ही उघड्या अंगाने, हातात आपल्या नंबराची चिठ्ठी घेऊन, निवड करणाऱ्यांपुढे जायला रांगेत उभे होते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते लिहितात की त्या एका क्षणी प्रार्थना करण्याचा मोह मला झाला. पहा, मोह झाला हे ते लपवत नाहीत. परंतु त्यांनी तो आवरला. त्यांचे म्हणणे असे की डाव संपत आला, आपण हरत आहोत, म्हणून डावाचे नियम बदलायचे नसतात. तशी प्रार्थना केली असती तर ती माझ्या लेखी लबाडी झाली असती आणि देवाचाही अपमान झाला असता, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. हे मी तीन वेळा वाचून घेतले. देव न मानणारा माणूस देवाच्या अपमानाची एवढी काळजी करतो!

त्याच निवडीबद्दल त्यांनी १९४७ च्या पुस्तकात आणखी एक प्रसंग लिहिला आहे. रात्री बराकीत एक म्हातारा कैदी मोठ्याने देवाचे आभार मानत होता, कारण त्याची निवड झाली नव्हती. आणि त्याच्या शेजारच्याच फळीवर वीस वर्षांचा एक मुलगा दिव्याकडे टक लावून पडला होता. त्याची निवड झाली होती. परवा त्याला नेणार होते आणि ते त्याला माहीत होते. लेव्हींना त्या म्हाताऱ्याचा भयंकर संताप आला. बंधूंनो, नवस फेडताना, आभार मानताना, आपल्या शेजारच्या फळीवर कोण पडले आहे हे आपण पाहतो का? मी देव मानणारा माणूस आहे, आणि मला या प्रश्नाने अनेक रात्री झोप लागली नाही.

तिसरे जो सिम्पसन, इंग्रज गिर्यारोहक. १९८५ साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात एक बर्फाचा डोंगर उतरताना यांचा पाय मोडला. सोबत्याने दोराने खाली सोडत आणले, परंतु पुढे दोघेही मरणार अशी वेळ आली तेव्हा सोबत्याला दोर कापावा लागला. सिम्पसन खोल बर्फाच्या भेगेत पडले. अंधार, मोडका पाय, वर कोणी नाही. घरचे संस्कार कट्टर कॅथलिक, पण देव मानणे त्यांनी केव्हाच सोडले होते. पुढे ते म्हणाले की खरोखर मरणाची वेळ आली तर आपण लहानपणीच्या प्रार्थना म्हणू की काय, असे मला नेहमी वाटायचे. आणि त्या भेगेत ते रडले, ओरडले, शिव्या दिल्या, पण प्रार्थना मनातच आली नाही. तेव्हाच त्यांना कळले की आपण खरेच देव मानत नाही. त्यानंतर तीन दिवस सरपटत ते तळावर पोहोचले आणि जगले.

तेव्हा पारावरचा निकाल मला बदलावा लागतो. काहीजण हाक मारतात, काहीजणांना मोह होतो आणि ते आवरतात, काहीजणांच्या मनात ती येतही नाही.

अर्थात भीती आणि देव यांचे नाते नाही, असे मी म्हणत नाही. मालिनोव्स्की नावाच्या विद्वानाने न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून पाहिले की तेथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नाहीत, आणि खोल समुद्रात जायचे असले की सगळे विधी करतात. आपले कोकणातले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तोही समुद्राला, घरामागच्या तळ्याला कोणी देत नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहरी २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला, १८५ माणसे गेली. तेथे लोकांची पाहणी भूकंपाच्या आधीपासून चालू होती. सगळ्या देशात धर्म मानणारे कमी होत असताना, ज्यांना भूकंपाची झळ लागली त्यांच्यात मात्र धर्माकडे वळणारे वाढलेले दिसले. जमीन हलली की माणूस न हलणारे काही शोधतो.

भूकंपाचे आपल्या खोऱ्याला कोणी सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाला चिरा पडल्या, पण देवाच्या कृपेने म्हणा की बांधणाऱ्यांच्या हिशेबाने म्हणा, ते फुटले नाही. आपल्या या देवळाच्या जुन्या शिखराला जी चीर होती, जिच्यातून पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी ठिबकायचे आणि जिच्यामुळे हा सगळा जीर्णोद्धार करावा लागला, ती त्याच पहाटेची.

त्या पहाटेची एक गोष्ट गावात सांगितली जाते आणि समितीने ती स्मरणिकेसाठी लिहूनही ठेवली आहे. आमच्या भावकीतले एक आजोबा मुंबईला गिरणीत होते, लाल बावट्याचे. देव मानत नसत. आजारपणामुळे त्या हिवाळ्यात गावी आले होते. पायरीपाशी जोडे काढून सगळे आत जात, हे बाहेर जोड्यांजवळ विडी ओढत बसत. त्या पहाटे घरे हलू लागली तेव्हा ते अंधारात गल्लीगल्लीतून ‘भैरोबा! भैरोबा!’ असे ओरडत धावले, हे ऐकणारी माणसे कालपरवापर्यंत हयात होती. माझी आजी त्यांपैकी एक. गावाने ठरवून टाकले की आजोबांना शेवटी देव आठवला. गोष्ट इतकी चांगली आहे की कोणालाही सांगावीशी वाटेल.

परंतु स्वतः आजोबा काय म्हणत, ते मी त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकले आहे. ते १९९१ साली गेले. ते म्हणत, “अरे, गावात उघडी जागा एकच, भैरोबाचं पटांगण. बाकी सगळ्या बोळांत भिंती कोसळत होत्या. भैरोबाकडं पळा म्हणून ओरडत होतो. ‘पळा’ ऐकायला कोण थांबलं?” आमची आजी यावर पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, “बरं भावजी, पत्ता तर त्याचाच सांगितलात ना?” दोघेही हसत आणि चहा होई. कोणी कोणाला हरवले नाही.

त्यांचे चिरंजीव आज समोर बसले आहेत. सभामंडपाच्या फरशीचा बराचसा खर्च त्यांनी दिला आहे. त्यांनी समितीला एवढेच सांगितले की वडिलांची गोष्ट छापायची तर त्यांचे म्हणणेही छापा. यावर दोन बैठकांत आवाज चढले. मंदिराच्या पुस्तकात नास्तिकाचे म्हणणे कशाला, असा काहींचा सवाल. माझे मत मी बैठकीत मांडले तेच येथे मांडतो. पटांगणात जमून जी माणसे त्या पहाटे वाचली ती आजोबांच्या हाकेने वाचली. ती हाक प्रार्थना होती की पत्ता होता, हे ठरवायचा अधिकार हाक मारणाऱ्याचा. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीची प्रार्थना घालणे, हे न मिळालेल्या अर्जावर पोचपावती देण्यासारखे आहे. भैरोबाला असल्या खोट्या पावतीची गरज पडेल असे मला वाटत नाही. समितीने अखेर दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी छापायचे मान्य केले, याबद्दल अध्यक्षांचे आभार.

येथे थोडे आपल्या बोलीविषयी. ठेच लागली की आपण ‘आई गं’ म्हणतो, साप दिसला की ‘बाप रे’, बातमी वाईट आली की ‘अरे देवा’. आई चार वर्षांपूर्वी वारली असली तरी ‘आई गं’ म्हणतो. ती येईल अशी समजूत नसते. जीभ लहानपणीच्या वाटेने जाते एवढेच. नास्तिकाच्या तोंडून ‘अरे देवा’ आले म्हणून त्याला पकडल्याचा आनंद मानू नये. तसेच उलटही आहे. आस्तिकाच्या तोंडून संकटात एक शब्द फुटला नाही, हातपाय गार पडले, तर त्याची भक्ती खोटी ठरत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांना हाक मारायला वेळच मिळाला नाही. त्यांचे काय? हाकेवरच सगळे मोजायचे तर त्यांच्यावर अन्याय होईल.

कोरोनाच्या वेळचे आपणा सर्वांना आठवत असेल. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली ती दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली. माणसाला देवाची सर्वांत जास्त गरज वाटावी अशा वेळी कुलूप. मी त्या दिवसांत कचेरीत याद्या करण्याच्या कामावर होतो. रोज संध्याकाळी घरी परतताना या रस्त्याने येई. गावात चिटपाखरू नसे. पण गुरव काका मागच्या दाराने आत जाऊन दिवा लावत, कवाडाच्या फटीतून तो दिसे. ना आरती, ना घंटा, ना दक्षिणा. त्यांच्या घरात दोघे आजारी होते. मी एकदा लांबूनच विचारले, “काका, काय मागता रोज?” ते म्हणाले, “मागायचं काय? दिव्याची वेळ झाली म्हणून आलो.”

गुरव काका देखील येथे बसले आहेत, आणि मी नाव काढल्याबद्दल माझ्यावर रागावलेले दिसतात. बुवांचे टाळकरी मागे तयार होऊन उभे आहेत, तेव्हा मला थांबले पाहिजे. जमाखर्चाचा तक्ता सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर लावला आहे, देणगीदारांनी आपली नावे व रकमा तपासून घ्याव्यात, काही दुरुस्ती असल्यास उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे लेखी द्यावी. उद्या महाप्रसादाला बाहेरगावच्या मंडळींनी प्रथम बसावे अशी समितीची विनंती आहे.

 भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!